साठ अंशांची चूक

समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे सहावी-सातवीतल्या मुलाला पाठ असते. त्याच मुलाला स्क्रॅचमध्ये, म्हणजे पडद्यावर रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवून प्रोग्राम रचण्याच्या भाषेत, समभुज त्रिकोण काढायला सांगा. तो पेन टेकवण्याचा ब्लॉक घेतो, त्याखाली तीनदा आवर्तन करणारा ब्लॉक लावतो आणि त्याच्या पोटात ‘१०० पावले चल’, ‘६० अंश वळ’ हे दोन ब्लॉक बसवतो. हिरवा झेंडा दाबल्यावर त्रिकोण उमटत नाही, अर्धा षटकोन उमटतो. प्रोग्राममध्ये कुठे स्पेलिंग चुकलेले नाही, कंस उघडा राहिलेला नाही, संगणकाने लाल अक्षरांत तक्रार केलेली नाही. जे सांगितले ते त्याने निमूट केले. चुकले आहे ते सांगणाऱ्याच्या डोक्यातले चित्र. त्रिकोणाच्या आतला कोन ६० अंशांचा असला, तरी कडेने चालत जाणाऱ्याला कोपऱ्यावर १२० अंश वळावे लागते. तीन कोपऱ्यांवर मिळून ३६० अंश, म्हणजे एक पुरी गिरकी. हे एकदा उमगले की चौरस, पंचकोन, षटकोन यांसाठी निराळे काही शिकावे लागत नाही, ३६० ला बाजूंच्या संख्येने भागले की झाले. मग पाच टोकांची चांदणी काढताना वळण १४४ अंशांचे का लागते, हा प्रश्न पुढे येतो आणि त्याचे उत्तरही त्याच वाटेवर सापडते: चांदणी पुरी होईपर्यंत चालणाऱ्याच्या दोन गिरक्या झालेल्या असतात.

ब्लॉकच्या साहाय्याने संगणन शिकवण्याबद्दल आपल्याकडे हल्ली बरेच बोलले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगचे उपक्रम सुचवले, खासगी शिकवण्यांनी त्यातून बाजारपेठ उभी केली आणि ‘मुले खेळता खेळता कोडिंग शिकतात’ हे वाक्य शाळांच्या माहितीपत्रकांत जाऊन बसले. या वाक्यातला ‘खेळ’ मला मान्य आहे. ‘शिकतात’ हे क्रियापद मात्र तपासून घ्यायला हवे. ब्लॉकची पद्धत मोलाची आहे, आणि तिचे मोल एका नेमक्या गोष्टीत आहे. ती फुटकळ चुका होऊच देत नाही, त्यामुळे मोलाच्या चुकांना जागा मिळते. ६० अंशांची चूक ही मोलाची चूक. पण अशी चूक आपोआप घडत नाही. ती घडेल, दिसेल आणि मुलालाच उलगडेल असा प्रश्न कुणीतरी रचावा लागतो. सर्जनशील अध्यापन म्हणतात ते या रचनेत असते. ब्लॉकच्या रंगांत, स्क्रॅचच्या नाचणाऱ्या मांजरात किंवा टाळ्यांच्या आवाजात ते शोधू नये.

ही दृष्टी स्क्रॅचपेक्षा बरीच जुनी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत वॉली फर्झीग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पॅपर्ट त्याआधी जिनीव्हामध्ये बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. मूल बाहेरून भरलेले ज्ञान साठवत नाही, स्वतःच्या हालचालींतून ते उभारते, हा पियाजे यांचा विचार त्यांनी संगणकापर्यंत नेला. लोगोतले कासव, म्हणजे आज्ञेप्रमाणे हलून रेघ काढणारे पात्र, ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा साध्या आज्ञा जाणत असे. मूल स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाही आणि तेच त्याला शब्दांत सांगे. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पॅपर्ट यांनी चुकीकडे पाहण्याचा एक वेगळा रोख मांडला. शाळेत उत्तर बरोबर असते किंवा चूक असते आणि चुकीचे उत्तर खोडले जाते. प्रोग्राम मात्र पहिल्या झटक्यात क्वचितच बरोबर येतो, म्हणून तिथे विचारायचा प्रश्न ‘हा दुरुस्त कसा करता येईल’ हा असतो. लोगोची अडचण अशी होती की आज्ञा टंकित कराव्या लागत. एक जागा सुटली, एक अक्षर इकडचे तिकडे झाले की कासव थिजून जाई आणि मुलाची सगळी शक्ती त्या अक्षराच्या शोधात खर्ची पडे.

एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७ मध्ये स्क्रॅच खुले केले तेव्हा हा अडथळा काढून टाकला होता. त्यातली कल्पकता ब्लॉकच्या आकारात आहे. ‘जर’ या ब्लॉकला षटकोनी खाच असते आणि तिच्यात खरे-खोटे सांगणारा षटकोनी ब्लॉकच बसतो. संख्या किंवा मजकूर देणारे ब्लॉक गोलाकार असतात. प्रोग्राम सुरू करणाऱ्या ब्लॉकच्या डोक्यावर उंचवटा असतो, म्हणून त्याच्यावर दुसरा ब्लॉक चढत नाही. व्याकरणाचे नियम पाठ करण्याऐवजी ते बोटांना जाणवतात आणि अर्थहीन रचना मुळात जुळतच नाही. पुढे गूगलचे ‘ब्लॉकली’, मोबाइलची ॲप रचण्यासाठीचे ‘ॲप इन्व्हेंटर’, बर्कलीचे ‘स्नॅप’ अशी भावंडे आली, पण मूळ युक्ती तीच राहिली. तिची मर्यादाही इथेच दिसते. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते, तसाच नीट जुळलेला प्रोग्राम चुकीचा असू शकतो. आकारांची खाच मुलाला इथवर आणून सोडते. पुढचे काम शिक्षकाचे.

ते काम कुणी केले नाही तर काय होते, याचे पुरावे चार दशकांपासून साचत आले आहेत. १९८४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांची तपासणी केली. प्रोग्रॅमिंगने नियोजनाची शक्ती वाढते असा त्या काळी गाजावाजा होता. वर्गातली कामे कोणत्या क्रमाने करावीत याचा आराखडा करताना मात्र लोगो शिकलेली मुले इतरांहून सरस ठरली नाहीत. मुलांना मोकळे सोडले होते आणि विचाराची सवय आपोआप झिरपेल असे गृहीत धरले होते. ती झिरपली नाही. काही वर्षांनी, १९८८ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी निराळी वाट धरली. त्यांनी मुलांना लोगोबरोबर चूक शोधण्याची रीत पायरीपायरीने शिकवली: काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, या दोहोंतला फरक कोणत्या प्रकारची चूक सुचवतो, ती प्रोग्रामच्या कोणत्या भागात असेल. या मुलांना मग संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांतल्या चुकाही अधिक नेमक्या सापडू लागल्या. भाषा तीच आणि कासवही तेच होते, बदलले होते ते शिकवणे.

स्क्रॅचची कहाणीही याच वळणाची आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका संगणक-क्लबात मुलांनी दीड वर्षात केलेले ५३६ प्रकल्प तपासून २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. कुणी शिक्षक नसताना मुलांनी इतके काही रचले ही त्यातली आनंदाची बाजू. आवर्तने आणि कळ दाबल्यावर काही घडवणे मुलांनी सहज उचलले होते. व्हेरिएबल, खऱ्या-खोट्याचे तर्क, यादृच्छिक संख्या यांच्याकडे मात्र फार थोडी मुले वळली होती. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये स्क्रॅच वापरणाऱ्यांच्या दोन सवयी नोंदवल्या. एक, काय करायचे हे न ठरवता हाताला लागतील ते ब्लॉक जोडत जाणे. दुसरी, काम इतक्या बारीक तुकड्यांत विखुरणे की पुऱ्या प्रोग्रामचा अर्थच लागू नये. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या फेलीन हर्मन्स आणि एफ्थिमिया ऐवालोग्लू यांनी सुमारे अडीच लाख सार्वजनिक स्क्रॅच प्रकल्प चाळले. त्यांत एकच रचना पुनःपुन्हा चिकटवलेली आणि कधीच न चालणारे ब्लॉक तसेच पडून राहिलेले असे प्रकल्प मोठ्या संख्येने निघाले. यातून मुले आळशी ठरत नाहीत. मांजर हलले की काम झाले असे वाटण्याजोगेच काम त्यांच्यापुढे ठेवले गेले होते, एवढे दिसते.

मग मोलाची चूक घडवणारा प्रश्न कसा असतो? ठिपक्यांच्या रांगोळीचेच पाहा. स्क्रॅचचा रंगमंच ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असतो, मध्यबिंदू शून्य-शून्य. मुलांना सांगायचे, सात ठिपक्यांची ओळ मधोमध काढा, दोन ठिपक्यांत ४० चे अंतर ठेवा. बहुतेकांचा हिशेब असा असतो: सात गुणिले चाळीस २८०, त्याचे निम्मे १४०, म्हणून उणे १४० पासून सुरुवात. ओळ उमटते, पण डावीकडे सरकलेली. शेवटचा ठिपका १०० वर येऊन थांबतो. मूल पडद्यावर बोटाने मोजते आणि त्याच्या ध्यानात येते की ठिपके सात असले तरी त्यांच्यामधली अंतरे सहाच आहेत. ओळीची रुंदी २४०, सुरुवात उणे १२० पासून. व्यवसायाने प्रोग्रॅमर असलेली माणसेही जन्मभर जी चूक करत राहतात ती हीच, मोजायच्या वस्तू आणि त्यांच्यामधल्या फटी यांची गल्लत. पुढच्या पायरीला ओळींवर ओळी रचायच्या, म्हणजे आवर्तनाच्या पोटात आवर्तन. इथे शिक्षकाने एक अट घालावी: बारापेक्षा जास्त ब्लॉक वापरायचे नाहीत. अट नसेल तर मूल सात ओळींतले ४९ ठिपके प्रत्येकासाठी निराळे ब्लॉक लावून काढेल आणि त्याला काहीच चुकल्यासारखे वाटणार नाही.

तालाचे उदाहरण याहून खोल जाते. तीनताल १६ मात्रांचा, चार-चार मात्रांचे चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. हे ध्वनीच्या ब्लॉकनी वाजवायचे म्हटले की आवर्तन तर लागतेच, पण तिसरा विभाग इतरांसारखा नसल्यामुळे आवर्तनाच्या आत ‘जर’ येतो आणि आपण कितव्या मात्रेवर आहोत हे लक्षात ठेवायला व्हेरिएबल लागते. लॉस एंजेलिसच्या मुलांनी ज्या कल्पना टाळल्या होत्या त्या इथे टाळताच येत नाहीत, कारण विषयच त्या मागतो. आता शेजारी दुसरा स्प्राइट, म्हणजे पडद्यावरचे दुसरे पात्र, झपताल वाजवू दे, १० मात्रांचा. दोघे एकाच मात्रेच्या संदेशावर, एकाच समेवर (पहिल्या मात्रेवर) सुरू झाले, तर पुन्हा एकत्र समेवर कधी येतील? झेंडा दाबण्याआधी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहायचे. अनेक मुले १६ आणि १० चा गुणाकार करून १६० लिहितात. पडद्यावरचा मोजणारा आकडा मात्र ८० मात्रा झाल्यावरच दोन्ही समा एकत्र आल्याचे दाखवतो, तीनतालाची पाच आवर्तने आणि झपतालाची आठ. गणिताच्या तासाला रुक्षपणे भेटलेला लसावि इथे कानांना ऐकू येतो. आणि १६० लिहिणाऱ्या मुलाला आपण पूर्ण चुकलो नव्हतो हेही कळते, कारण त्या मात्रेलाही दोन्ही समा एकत्र येतात. चुकला होता तो ‘पहिल्यांदा कधी’ हा भाग.

तिसरे उदाहरण दोन फाशांचे. खेळ रचताना दोन फाशांची बेरीज हवी असते. एक मुलगी २ ते १२ मधली कोणतीही संख्या उचलणारा एकच ब्लॉक लावते. दुसरी १ ते ६ मधली संख्या उचलणारे दोन ब्लॉक लावून त्यांची बेरीज करते. दोन्ही प्रोग्राम चालतात आणि दहा-वीस डावांत कुणाला फरकही कळत नाही. दोन्ही हजार वेळा चालवून प्रत्येक बेरीज किती वेळा आली याची यादी करायला सांगितली की पहिलीच्या यादीत सगळ्या संख्या साधारण सारख्या येतात, दुसरीच्या यादीत ७ वर उंचवटा आणि टोकांना उतार दिसतो. ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग आहेत, २ येण्याचा एकच. पहिला प्रोग्राम बिघडलेला नाही, तो निराळ्याच जगाचे वर्णन करतो. हवामान, साथी, निवडणुका यांची संगणकी प्रतिमाने वाचताना नागरिकाला हीच शंका यायला हवी: आत काय गृहीत धरले आहे? मराठी मुलांसाठी याच जातीचा एक छोटा प्रश्नही आहे. मजकुराची लांबी मोजणाऱ्या ब्लॉकमध्ये ‘मराठी’ हा शब्द घाला. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, स्क्रॅच ५ म्हणतो, कारण काना आणि वेलांटी तो वेगळ्या मोजतो. आपली लिपी यंत्रात कशी साठवली जाते, हा पाठ यातून सुरू होतो.

या तिन्ही ठिकाणी रीत एकच आहे: आधी भाकीत, मग प्रयोग, मग दोहोंतल्या तफावतीचा शोध. ब्रिटनमधल्या स्यू सेन्टन्स यांनी रुजवलेली पद्धत याच क्रमाने जाते. तयार प्रोग्राम वाचून काय होईल ते सांगायचे, चालवून पाहायचे, उकलायचे, त्यात बदल करायचे आणि शेवटी स्वतःचा रचायचा. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हॅडन यांनी २००६ मध्ये आणखी एक साधा प्रकार मांडला: प्रोग्रामच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचा. ब्लॉक तर त्यासाठीच जन्मल्यासारखे आहेत. मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम हातात देऊन ‘यात एकच चूक आहे, शोधा’ म्हणणे, हे कोऱ्या पडद्यासमोर ‘काहीतरी छान करा’ म्हणण्यापेक्षा पुष्कळदा जास्त सर्जनशील असते.

यावर पहिला आक्षेप खुद्द स्क्रॅचच्या गोटातूनच येईल. मुलाने स्वतःला हवे ते रचावे, जमीन सखल, छत उंच आणि भिंती ऐसपैस असाव्यात, असे रेझ्निक सांगत आले आहेत. शिक्षकच चुका आखू लागला तर मुलाचे स्वातंत्र्य उरले कुठे? आक्षेपात तथ्य आहे. सगळ्या मुलांनी पडद्यावरच्या सूचनांबरहुकूम तेच फूल, तोच चक्रव्यूह करणे ही उलट्या टोकाची चूक आहे आणि आपल्याकडे तीच जास्त होते. पण अट म्हणजे बंदी नव्हे. कोणता ताल, कोणती रांगोळी, फाशांचा कोणता खेळ हे मुलाने ठरवावे. शिक्षकाने एवढेच पाहावे की निवड काहीही असली तरी वाटेत तो एक अवघड वळसा येईलच. आपापल्या गावच्या गोष्टींवर प्रकल्प करणाऱ्या मुलांना चुकीचा छडा लावायची ओढही जास्त असते, कारण ताल चुकला तर तो त्यांनाच कळतो.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि काही अभियंत्यांचा: हे खरे प्रोग्रॅमिंग नाही, उद्या पायथॉन आणि जावा शिकावेच लागेल, मग ठोकळ्यांत वेळ का घालवायचा? डेव्हिड वेन्ट्रॉप आणि उरी विलेन्स्की यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक वर्गांत याचीच चाचणी घेतली. सारखाच अभ्यासक्रम एका वर्गाला ब्लॉकमधून दिला, दुसऱ्याला मजकुरातून. पाच आठवड्यांनी ब्लॉकवाल्या मुलांची समज अधिक वाढली होती आणि पुढे संगणनाचे वर्ग घेण्यात त्यांना अधिक रस होता. त्यानंतर दोन्ही वर्ग जावाकडे वळले आणि दहा आठवड्यांनी फरक पुसला गेला. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना नम्र करणारा आहे. ब्लॉकने मुलांचे नुकसान होत नाही, म्हणजे ‘खरे नाही’ हा आक्षेप टिकत नाही. आणि ब्लॉकने कायमची आघाडीही मिळत नाही, म्हणजे ‘लहानपणी ब्लॉक शिकला तर मोठेपणी अभियंता होईल’ ही जाहिरातही टिकत नाही. मुंबईत सुरू झालेल्या आणि ऑगस्ट २०२० मध्ये बायजूज या शिक्षण-कंपनीने ३० कोटी डॉलरला घेतलेल्या व्हाइटहॅट ज्युनियर या कोडिंग-शिकवणीने याच आशेवर जाहिरातींचा धडाका लावला होता. त्यांतल्या काही जाहिराती मागे घ्यायला जाहिरात मानक परिषदेने त्याच वर्षी सांगितले. करिअरची भीती दाखवून विकलेले कोडिंग मुलाला चुकायची फुरसत देत नाही, आणि फुरसतीशिवाय ही पद्धत निरुपयोगी आहे.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल तो कोड लिहून देते, मग मुलांनी तो का शिकावा? कोड टंकित करण्याचे कसब हेच शिक्षणाचे फळ मानले असते, तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. पण फाशांचे उदाहरण आठवावे. यंत्राने दिलेला प्रोग्राम एकच संख्या उचलतो की दोन संख्यांची बेरीज करतो, हे पाहणारे डोळे कुणाकडे तरी असावे लागतात. प्रोग्राम चालतो, बिनचूक दिसतो आणि तरीही चुकीचा असतो, हा प्रकार यंत्राने लिहिलेल्या कोडमध्ये कमी न होता अधिक नजरेआड होतो. भाकीत करणे, तपासणे, तफावतीचा माग काढणे ही कौशल्ये आता जास्त लागतील.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे. संगणक आहेत कुठे? सरकारच्याच २०२३-२४ च्या शालेय आकडेवारीनुसार देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत चालू संगणक होते आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट. ही उणीव शिकवण्याच्या युक्त्यांनी भरून निघत नाही, ती पैशाने आणि निगराणीनेच भरावी लागेल. तरी चुकीभोवती बांधलेल्या अध्यापनाला प्रत्येक मुलामागे संगणक लागत नाही, ही त्याची जमेची बाजू. स्क्रॅच एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटशिवाय चालते. ब्लॉक पुठ्ठ्यावर काढून कापता येतात. चौघांचा गट कागदावर प्रोग्राम जुळवतो, भाकीत लिहितो, एक मूल अंगणात स्प्राइट होऊन तो चालून दाखवते आणि शाळेतल्या एकमेव संगणकावर शेवटी निवाडा होतो. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणन शिकवण्याचे असे कितीतरी खेळ रचून जगाला मोफत दिले आहेत. उलट तीस संगणकांच्या चकचकीत प्रयोगशाळेत तीस मुले तीच सूचना पाळत एकच मांजर हलवत असतील, तर तिथे संगणक आहेत आणि संगणन नाही.

आपल्याकडे संगणक शिक्षणाचा मोठा प्रवाह अजूनही वापर शिकवण्याचा आहे: पत्र टंकित करणे, तक्ता भरणे, सादरीकरण करणे. नोकरीसाठी ते उपयोगी आहे आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. याला अपवादही घडले. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय पुस्तकमालेने विचार करण्याच्या कौशल्यांना मध्यभागी ठेवून स्क्रॅचला जागा दिली. पण परीक्षा बदलली नाही तर चांगले पुस्तकही पाठांतराचे होते. ‘आवर्तनाचा ब्लॉक कोणत्या रंगाचा असतो’ असा प्रश्न विचारला गेला की मुले रंग पाठ करतील. त्याऐवजी उत्तरपत्रिकेत सहा ब्लॉक छापून ‘हे चालवल्यावर कोणती आकृती उमटेल ते काढा’, ‘यातली चूक कुठे आहे आणि ती चूक का आहे ते लिहा’ असे विचारता येते. त्याला छापील कागद पुरतो.

शिक्षकांच्या प्रशिक्षणातही हाच फेरबदल हवा. आज त्यात सॉफ्टवेअरची बटणे शिकवण्यावर वेळ जातो. शिक्षकांनी एकत्र बसून आपापल्या विषयातल्या मोलाच्या चुका गोळा कराव्यात: भूमितीत बाहेरचा कोन, अंकगणितात फटींची मोजणी, विज्ञानात सरासरीचा फसवेपणा, भाषेत अक्षर आणि चिन्ह यांची गल्लत. प्रत्येक चुकीसाठी दहा-बारा ब्लॉकचा एक प्रश्न रचावा आणि तो शेजारच्या शाळेला द्यावा. अशी शंभर चुकांची मराठी चोपडी महागड्या परवान्याच्या कोणत्याही संचापेक्षा जास्त कामाची ठरेल. शाळेत कोडिंग आहे का, असे विचारणाऱ्या पालकांनीही प्रश्न थोडा बदलावा. गेल्या आठवड्यात आपल्या मुलीचा कोणता अंदाज चुकला आणि तो का चुकला हे तिला सांगता आले का, हे विचारावे. तिला ते सांगता येत असेल, तर पडद्यावर ब्लॉक होते की अक्षरे, याने फारसे बिघडत नाही.